नव्याण्णव टक्क्यांवरचा पडदा

“शंभर टक्के तू करणार, मग मंत्रीमहोदय काय करणार?” ढवळे साहेबांनी विचारलं.

संगणकाच्या पडद्यावर प्रोग्राम किती बसला ते दाखवणारी हिरवी पट्टी नुकतीच शून्यापासून शंभरापर्यंत जाऊन थांबली होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती वाटेत न मरता मुक्कामाला पोचली होती. साहेब निदान ‘बरं’ म्हणतील अशी माझी अपेक्षा होती.

“ते फीत कापतील, साहेब,” मी म्हणालो.

“फीत काय, ते कुठेही कापतात. गेल्या महिन्यात वजनकाट्याची कापली. इथे संगणक आहे, सोनटक्के. हात संगणकाला लागला पाहिजे. फोटो तसा हवा.”

“मग काय करू?”

“नव्याण्णववर थांबव,” साहेब म्हणाले. “शेवटचा एक टक्का त्यांच्या शुभहस्ते.”

मी वहीत लिहून घेतलं: नव्याण्णववर थांबवणे. माझ्या हातून आयुष्यात जे काही टिकाऊ काम झालं, त्याची सुरुवात या चार इंचांच्या ओळीने झाली, हे तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

हे दोन हजार नऊच्या मार्चमधलं. आमच्या जिल्ह्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी ‘संगणक सहायक, कंत्राटी’ होतो. कंत्राट तीस जूनपर्यंत. ढवळे साहेब जिल्ह्याचे ग्रंथालय अधिकारी. आमचं एक ग्रंथालय आणि तालुक्यांतली, गावांतली त्रेसष्ट, अशा चौसष्ट वाचनालयांना सरकारने आदल्या वर्षी संगणक दिले होते. आणि त्या संगणकांवर ‘अगस्ती’ होती.

अगस्ती ही स्वदेशी संगणक प्रणाली. बाकी जगातले संगणक ज्या दोन-तीन प्रणालींवर चालतात त्यांच्याशी तिचा काही संबंध नव्हता, आणि त्यांच्यासाठी केलेली कुठलीही वस्तू तिच्यावर चालत नसे. पुराणातल्या अगस्तीने समुद्र प्यायला. ही मेमरी प्यायची. चालू व्हायला तिला पंचवीस मिनिटं लागत. चालू झाल्यावर तिच्यात एक घड्याळ, एक गणकयंत्र आणि एक पंचांग मिळे. तिच्यावर एका वेळी एकच बाहेरचा प्रोग्राम बसू शके. याला तिच्या माहितीपत्रकात ‘एकाग्रता’ म्हटलं होतं. जगात तिचे सत्तर वापरकर्ते होते. चौसष्ट आमच्या जिल्ह्यात, उरलेले सहा तिला बनवणारे.

त्या सहाजणांपैकी फोन उचलणाऱ्या एकट्या पाटणकर बाई. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा बाईंना खरंच आनंद झाला.

“पॅकेज करताय? अगस्तीसाठी?”

“हो. म्हणजे सीडी घातली की प्रोग्राम आपला आपण बसला पाहिजे. त्याची पद्धत विचारायची होती.”

“छान. आजवर कुणीच केलेलं नाही. तुम्ही केलंत की कसं केलंत ते आम्हाला कळवा. पुस्तिकेत घालू.”

जो प्रोग्राम बसवायचा होता तो होता लीलाधर कुरण्यांचा.

कुरणे आमचे वरिष्ठ सूचीकार. एकतीस मार्चला निवृत्त होणार होते. बारीक अंगाचे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. एकोणीस वर्षं ते पुस्तकांची एक यादी करत होते. पुस्तकांच्या याद्या सगळीच ग्रंथालयं करतात. पण कुरण्यांच्या यादीत एक रकाना जास्तीचा होता. त्या रकान्याचं नाव ‘वाचक काय म्हणून मागतो’.

त्यांचं म्हणणं साधं होतं. वाचकाला पुस्तकाचं नाव कधीच आठवत नाही. तो काउंटरवर येतो आणि म्हणतो, लाल पुठ्ठ्याची, ज्यात शेवटी बैल परत येतो ती. किंवा, नवरा मुका असल्याचं सोंग करतो ते नाटक. किंवा, माझ्या आईने बाळंतपणात वाचलेलं, त्यात एक पेरूचं झाड होतं. कुरणे ते जसंच्या तसं लिहून घेत, पुस्तक शोधत आणि नोंद करत. रविवारी एसटीने गावोगावच्या वाचनालयांत जाऊन तिथल्या पुस्तकांचीही करत. अशा अठ्ठेचाळीस हजार नोंदी झाल्या होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी वयाच्या पन्नाशीत प्रोग्राम लिहायला शिकून ‘शोधिनी’ नावाचा प्रोग्राम लिहिला होता. ‘बैल परत’ एवढं लिहिलं की तो कपाट आणि फळी सांगायचा.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक चौकोन होता: खात्री केली. बैल खरंच परत येतो का हे पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय कुरणे त्या चौकोनात खूण करत नसत.

“एकदा नव्हता आला,” त्यांनी मला सांगितलं होतं. “वाचकाच्या मनात आला होता. मी तशी नोंद केली. बैल येत नाही, पण येतो असं वाटतं.”

आता अडचण अशी होती की वरून पत्र आलं होतं. एकतीस मार्चपर्यंत ग्रंथालयाचा स्वतःचा प्रोग्राम चौसष्ट ठिकाणी बसला तर तो चालू ठेवावा. न बसल्यास एका कंपनीचा तयार प्रोग्राम घ्यावा. त्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि जाडी नोंदवायची सोय होती. बैलाची नव्हती. मी कंपनीच्या माणसाला विचारलं होतं. रेगे त्यांचं नाव. ते टाय सरळ करत म्हणाले, “अहो, ‘इतर’ असा रकाना आहे की. वीस अक्षरं मावतात.”

म्हणजे पॅकेज झालं नाही तर एकोणीस वर्षं वीस अक्षरांत घालायची, नाहीतर रद्दीत. कुरणे याबद्दल काही बोलत नसत. फक्त रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन विचारत, “कितीपर्यंत गेलं?”

“एकवीस टक्के.”

“काल एकतीस होतं.”

“काल चूक होती म्हणून एकतीस गेलं. आज बरोबर आहे म्हणून एकवीसला थांबलं.”

ते मान डोलवत आणि आपल्या जागेवर जात.

पहिलं पॅकेज पूर्ण बसलं ते फक्त माझ्याच संगणकावर. दुसऱ्या संगणकावर गेलं की ते ‘सोनटक्के’ नावाचा कप्पा शोधायचं आणि न मिळाल्यावर मुकाट्याने मरायचं. कुरण्यांनी हे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही जेवणाचं आमंत्रण सगळ्यांना दिलंत, पण पत्ता लिहिलात ‘माझ्या घरी’.”

शिवाय पॅकेजबरोबर एक तपशीलपत्र लागायचं: नाव, आवृत्ती, कर्ता, आणि ‘सांभाळणारा’. म्हणजे पुढे काही बिघडलं तर बघणारा माणूस. आवक-जावक बघणाऱ्या पिंगळे बाई म्हणाल्या, शासकीय कागदावर माणूस चालत नाही, पद लागतं. तसं पद मंजूर नव्हतं. म्हणून ‘सांभाळणारा’ या शब्दापुढे मी लिहिलं: पद रिक्त. अगस्तीने ते विनातक्रार स्वीकारलं.

तर साहेबांच्या सांगण्यावरून मी नव्याण्णववर थांबवलं. थांबवायचंच आहे तर नीट थांबवावं म्हणून हौसेने एक मखमली पडदा काढला, जांभळा, सोनेरी गोंडे असलेला. त्यावर दोन प्रश्न ठेवले. पहिला: प्रमुख पाहुण्यांचे नाव. ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. दुसरा: श्रीफळ वाढवले? हो किंवा नाही. ‘नाही’ दाबलं तर ‘श्रीफळ वाढवून पुन्हा प्रयत्न करावा’ असा निरोप येई. दोन्ही झालं की पडदा दोन्ही बाजूंना सरके आणि ‘यांच्या शुभहस्ते’ अशी अक्षरं येत. साहेबांनी तो तीनदा सरकवून पाहिला. मग खिशातलं मार्कर पेन काढून सीडीवर सही केली आणि खाली लिहिलं: मंजूर.

मी मनात दोन पॅकेजं ठरवली होती. पडद्याचं एक, फक्त समारंभापुरतं. आणि बिनपडद्याचं दुसरं, त्रेसष्ट वाचनालयांसाठी.

मंत्र्यांचा दौरा वीस मार्चला होता. वीसला सकाळी तो रद्द झाला. सभागृहात मांडलेला संगणक, नव्याण्णववर थांबलेला, साहेबांनी टेबलक्लॉथने झाकायला लावला. “मंत्रीमहोदय येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही.” गंगाराम शिपायाने त्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवली आणि कडेला एक खुर्ची टाकून तो तिथेच बसायला लागला.

मी बिनपडद्याची सीडी घेऊन पिंगळे बाईंकडे गेलो, तर बाई हात पुसत म्हणाल्या, “गेल्या की कालच्याच टपालाने. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.”

“कुठल्या गेल्या?”

“मंजूर. सही होती ती. तिच्याच प्रती काढल्या. दुसरी कुठली पाठवणार मी?”

मी साहेबांकडे धावलो. साहेबांनी माझी नवी सीडी उलटसुलट करून पाहिली.

“यात काय बदल आहे?”

“पडदा नाही.”

“म्हणजे मंजूर प्रतीत बदल. मग प्रस्ताव वर पाठवावा लागेल. तीन आठवडे.”

“साहेब, एकतीस तारखेला अकरा दिवस आहेत.”

“मग आहे तीच बसवा. पडदा काय वाईट आहे? मला आवडला.”

तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिला खैरवाडीच्या मुजावर मॅडमचा. खैरवाडीचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली, आणि मुजावर मॅडम तिथल्या ग्रंथपाल, सेविका आणि सफाई, सगळं एकट्या.

“सोनटक्के सर, पाहुणे मागतंय.”

“कुणाचंही नाव घाला, मॅडम.”

“कुणाचंही कसं घालू? साहेबांचं परिपत्रक आलंय. प्रमुख पाहुणे लोकप्रतिनिधी किंवा वर्ग एकचे अधिकारी असावेत. सरपंचांकडे गेले, ते म्हणाले, माझं नाव घातलंत तर उपसरपंच वाचनालय बंद पाडतील. उपसरपंचांकडे गेले, ते म्हणाले, आधी सरपंचांचं नाव खोडा. मी अजून घातलंच नव्हतं.”

दुसरा फोन पलीकडच्या तालुक्यातून. तिथे तहसीलदार यायला तयार होते, पण त्यांना मांडव हवा होता. तिसऱ्या ठिकाणी नारळ फोडताना पाणी कळफलकावर गेलं होतं. चौथ्या ठिकाणच्या ग्रंथपालांनी विचारलं, पाहुण्यांना दुःखद कारणाने सुतक आहे, तर पडदा सोमवारी सरकवला तर चालेल का. सत्तावीस मार्चच्या संध्याकाळी चौसष्टपैकी नऊ ठिकाणी शोधिनी बसली होती. पंचावन्न संगणक जिल्हाभर नव्याण्णव टक्क्यांवर उभे होते. रेगे त्या दिवशी ऑफिसात येऊन गेले. बसले, चहा घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून गोड हसले.

मी कुरण्यांना म्हणालो, “माझ्यामुळे गेलं सगळं.”

कुरण्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग माझ्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढून खैरवाडीचा नंबर लावला. एरवी ते फोनला हात लावत नसत.

“मुजावर मॅडम, कुरणे बोलतोय. तुमच्याकडे सकाळी सगळ्यांत आधी वाचायला कोण येतं?”

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

“रोज येतात? मग त्यांचं नाव घाला. परिपत्रक माझ्याकडे लागलं. हो. आणि नारळ त्यांच्याच हाताने फोडा.”

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पाहुणा म्हणजे जो आपण होऊन येतो तो,” ते म्हणाले. “पुढचा नंबर द्या.”

दोन दिवस ते फोन करत राहिले. मी यादी करत गेलो. ती अजून माझ्याकडे आहे. खैरवाडी: केशव गुरव, वय एक्क्याऐंशी, फक्त ज्योतिषाची पुस्तकं वाचतात. टाकळी: सुलभा वाघचौरे, अंगणवाडी सेविका. एका ठिकाणी न्हावी, एका ठिकाणी दूध संकलन केंद्राचा माणूस, एका ठिकाणी निवृत्त लाइनमन. एका ग्रंथपालांनी फार संकोचाने सांगितलं, आमच्याकडे रोज पहिली येते ती मीच, दुसरं कुणी येत नाही. कुरणे म्हणाले, “मग तुमचं. आणि नारळाचा प्रसाद घरी न्या.”

एकतीस मार्चला दुपारपर्यंत त्रेसष्ट ठिकाणी पडदा सरकला. राहिलं चौसष्टावं. ते आमचं स्वतःचं, टेबलक्लॉथखालचं.

त्याच दुपारी कुरण्यांचा निरोप समारंभ होता. साहेबांनी नऊ मिनिटं भाषण केलं, त्यातली सात स्वतःच्या पहिल्या नेमणुकीविषयी. शाल दिली, श्रीफळ दिलं आणि ते बैठकीसाठी जिल्हा परिषदेत निघून गेले. सभागृहात मी, कुरणे आणि खुर्चीतला गंगाराम उरलो.

“चौसष्टावं राहिलं,” मी म्हणालो. “पाच वाजता अहवाल जायचाय.”

“मंत्र्यांचं नाव घाला.”

“ते आले नाहीत. तुम्ही काय सांगितलंत सगळ्यांना? आपल्याकडे रोज पहिलं कोण येतं?”

“गंगाराम.”

“मी कुलूप उघडाय येतो,” गंगाराम म्हणाला. “वाचाय नाय.”

“माझं नाव तिथे बरं दिसणार नाही,” कुरणे म्हणाले.

“पडदा एकदाच सरकतो. कोण बघणार आहे?”

गंगारामने उठून टेबलक्लॉथ काढला आणि सवयीने घडी घातली. कुरण्यांनी एका बोटाने आपलं नाव लिहिलं. श्रीफळाच्या प्रश्नापाशी मी ‘हो’ दाबायला हात पुढे केला, तर त्यांनी तो अडवला.

“फोडलेलं नाही अजून.”

“कुरणे सर, फक्त बटण आहे ते.”

“लिहिलंय ‘वाढवले?’ नाही वाढवलेलं.”

खांद्यावर शाल तशीच, ते मागच्या पायरीवर गेले. दोन फटक्यांत निरोपाचा नारळ फोडला, परत आले, हात पुसले आणि मग ‘हो’ दाबलं. पडदा सरकला. मी पाच वाजता अहवाल पाठवला. साहेबांनी चौसष्ट हा आकडा पाहिला आणि पाहुण्यांची यादी न वाचता सही केली. शोधिनी वाचली.

कुरणे दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी आले. आता वाचक म्हणून. वाचनकक्षात बसायचे आणि पिंगळे बाई काही म्हणत नाहीत हे पाहून नोंदी करत राहायचे.

मंत्र्यांना वेळ मिळाला बारा जूनला. साडेअकराची वेळ. साडेदहाला साहेबांनी रंगीत तालमीसाठी मला संगणक भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडायला सांगितला. रेगेही आले होते. त्यांना अशा कार्यक्रमांचं आमंत्रण लागत नसे. मी मंजूर सीडी घातली. भिंतीवर हातभर अक्षरांत आलं:

उद्घाटन यापूर्वीच झालेले आहे. प्रमुख पाहुणे: श्री. लीलाधर कुरणे. श्रीफळ: हो.

हा निरोप मीच लिहिला होता, कुणी चुकून दोनदा बसवू नये म्हणून.

“मंत्रीमहोदय,” साहेब भिंतीकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, “उद्घाटन झालेल्या वस्तूचं उद्घाटन करणार?”

“आमचं पॅकेज तयार आहे,” रेगे म्हणाले आणि बॅगेतून सीडी काढली. “अगस्तीसाठीच केलंय. हे काढा, आमचं बसवा. वीस मिनिटांचं काम. कोरं, कुणाचा हात न लागलेलं.”

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. “काढ,” ते मला म्हणाले. “इथलं आत्ता काढ. बाकी त्रेसष्ट ठिकाणी उद्या परिपत्रक काढतो. पिंगळे बाई, मसुदा घ्या.”

अगस्तीवर एका वेळी एकच प्रोग्राम. हे आलं की ते गेलं. आणि मंत्र्यांच्या हाताने बसलेला प्रोग्राम पुढे कुणी काढत नसतं.

“साहेब, ते काढता येत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“मी बसवायचं शिकलो. काढायचं शिकलो नाही. माझं पहिलंच पॅकेज होतं.”

साहेबांनी क्षणात विश्वास ठेवला. माझ्या अकलेविषयी त्यांचं मत आधीपासून पक्कं होतं. पण रेगे म्हणाले, “असं कसं? काढायची सोय असतेच. मला दाखवा.”

सोय होती. शोधिनी उघडली की तीन ओळी येत. शोधा. नोंद करा. आणि तिसरी, काढा. चुकून कुणी दाबू नये म्हणून मी ती लाल केली होती.

“एक मिनिट,” साहेब म्हणाले. “कुरण्यांना बोलवा. त्यांचा प्रोग्राम आहे. तो माणूस खोटं सांगत नाही.”

गंगाराम वाचनकक्षातून कुरण्यांना घेऊन आला. काय झालंय ते साहेबांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाले, “सोनटक्के म्हणतो काढता येत नाही. तुम्ही बघा आणि सांगा.”

मोठ्या पडद्याची वायर मी काढलेली होती. कुरणे संगणकासमोर बसले, चष्मा लावला. मी त्यांच्या मागे उभा होतो. तीन ओळी आल्या. माउसचा बाण ‘शोधा’वरून खाली आला, ‘नोंद करा’वरून खाली आला आणि लाल अक्षरांवर येऊन थांबला. कुरण्यांचं बोट बटणावर होतं. ते वाचत होते. तीन अक्षरंसुद्धा नाहीत त्या शब्दात, पण ते पान वाचावं तसं वाचत होते.

“काय?” साहेबांनी विचारलं.

“नाही काढता येत,” कुरणे म्हणाले.

“खात्री केली?”

“खात्री केली.”

आणि त्यांनी संगणक बंद केला.

“अहो, बंद कशाला केलात, मला बघायचं होतं,” रेगे म्हणाले.

“सवय आहे. काम झालं की बंद करतो.”

रेग्यांनी पुन्हा चालू केला. अगस्तीला चालू व्हायला पंचवीस मिनिटं लागत हे मी सांगितलंच आहे. अठराव्या मिनिटाला फाटकात गाड्यांचे हॉर्न वाजले. साहेबांनी सभागृहभर नजर फिरवली, आणि ती वऱ्हांड्यातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रावर थांबली. यंत्र दोन वर्षं चालू होतं. गंगारामने टेबलक्लॉथ त्याच्यावर टाकला. मंत्र्यांनी तो ओढला, तोटी फिरवली, ते एक पेला पाणी प्यायले आणि म्हणाले, “गार आहे.” फोटो फार चांगला आला.

तीस जूनला माझं कंत्राट संपलं. नूतनीकरण झालं नाही. शेरा होता: बसवलेले काढता न येणे ही गंभीर त्रुटी. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी नवा प्रोग्राम घ्यायचा प्रस्ताव निघे, आणि दर वेळी फाइलमधलं पहिलं पान आडवं येई. त्यावर साहेबांच्या अक्षरात होतं: विद्यमान प्रोग्राम काढता येत नाही. श्री. कुरणे यांनी खात्री केली. ढवळे साहेब गेले, आणखी तीन साहेब आले. त्या पानापुढे कुणीच गेलं नाही.

कुरणे वारले त्याला आता चार वर्षं होतील. मला उशिरा कळलं.

गेल्या वर्षी काही कामाने त्या गावी गेलो होतो, तेव्हा ग्रंथालयात डोकावलो. काउंटरवर मुजावर मॅडम होत्या, खैरवाडीहून बदलून आलेल्या, केस पिकलेले. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

“अजून तेच आहे, सर. संगणक बदलले की तीच सीडी घालतो. नव्याण्णववर थांबतं. मग नारळ आणतो.”

“पाहुणे?”

“कुरणे सरांचा नियम.”

समोरच एक बाई ‘सासू शेवटी कबूल करते ते’ मागत होत्या. मॅडमनी लिहिलं, कपाट आणि फळी आली, बाई गेल्या. मग मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला एक गंमत दाखवते,” आणि त्यांनी लिहिलं: नव्याण्णववर थांबते ती.

एकच नोंद आली. तारीख बारा जून दोन हजार नऊ. प्रकार: सीडी, मार्करने सही केलेली. ‘कर्ता’ या शब्दापुढे माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. सांभाळणारा: पद रिक्त. शेरा: काढता येत नाही.

“अठ्ठेचाळीस हजारांच्या वर नोंदी आहेत कुरणे सरांच्या,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “मी एकदा सगळ्या तपासल्या. ‘खात्री केली’चा चौकोन एवढ्या एकाच नोंदीत रिकामा आहे. राहून गेला असणार. खूण करून टाकू?”

“राहू दे,” मी म्हणालो.